जमीन तेवढीच, बांध सरकलाय!

डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटला, तेव्हा मी न्यू जर्सीत, एडिसनजवळ रूट वनवर ऐन ट्रॅफिकमध्ये होते. ऑक्टोबर २०१७. दोन दिवस पावसाची रिपरिप. शेजारी बाबा, मागे आई, आणि आईच्या मांडीवर ओक ट्री रोडवरून आणलेली मेथी-कोथिंबिरीची पिशवी.

"काय झालं गं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

"लाल दिवा 'काही नाही' म्हणायला लागत नसतो."

गाडी चालत होती, पण दमल्यासारखी. सिग्नल सुटला की नेहमी आवाज न करता सरकायची, ती आता इंजिन घरघरवत निघायला लागली. गाडी म्हणजे २००७ सालची एक जपानी हायब्रिड. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दहा वर्षांच्या गाडीने कुरकुर केली तर त्यात कंपनीला काय बोल लावायचा? २०१४ मध्ये मी ती सेकंडहॅण्ड घेतली होती. आधीच्या मालकाकडे कुत्रा होता हे मागच्या सीटवरच्या केसांवरून कळत होतं. बाकी गाडी एकदम झक्कास. पेट्रोल इतकं कमी प्यायची की ऑफिसातले सगळे जळायचे.

हायब्रिडचा फंडा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत सांगते. पेट्रोल इंजिन असतं आणि सोबत इलेक्ट्रिक मोटर. ब्रेक मारलात की वाया जाणारी ताकद बॅटरीत साठते आणि निघताना मोटर तीच वापरते. प्लग लावून चार्ज करायची भानगड नाही. १९९७ मध्ये जपानात प्रियस आली, तेव्हापासून हे चाललंय. सगळा खेळ त्या मोठ्या बॅटरीवर. आणि माझ्या गाडीच्या बॅटरीची वॉरंटी, ८ वर्षं किंवा १ लाख मैल, केव्हाच संपलेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून गाडी शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या गुळगुळीत दाढी केलेल्या मुलाने मला कॉफी दिली, तासाभराने एक कागद दिला आणि हसत हसत सांगितलं, बॅटरी गेली. कागदावर एरर कोड होता पी-०-ए-८०. या कोडचं अधिकृत नावच मुळी 'हायब्रिड बॅटरी पॅक बदला' असं आहे! म्हणजे डॉक्टरने रोगाचं नावच 'ऑपरेशन करा' असं ठेवावं, तसं. खाली दुसरा कोड, ब्लॉक ६ कमजोर. खर्च ३,४०० डॉलर. नुसतं तपासायचे ११८ डॉलर, ते वेगळे.

३,४०० डॉलर! त्या वेळी माझं प्रोजेक्ट डिसेंबरमध्ये संपत होतं, पुढचं हातात नव्हतं. एच-वनवाल्याला प्रोजेक्ट संपणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला ठाऊक. आई-बाबांना नायगारा दाखवायचं बुकिंग झालेलं. आणि त्या भागात गाडी नाही म्हणजे पाय नाहीत. मी घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांचं गणित मांडायला बसले.

बाबा मागे येऊन उभे राहिले.

"त्यांनी काय काय मोजलं?"

"म्हणजे?"

"बॅटरी गेली म्हणतात ना, मग व्होल्टेज किती आलं? कुठे आलं?"

बाबा ३४ वर्षं एसटीत. दापोडीच्या वर्कशॉपमध्ये ऑटो इलेक्ट्रिशियन. रिटायर होऊन तीन वर्षं झालेली. अमेरिकेत येऊन दोन महिने झाले होते आणि त्या दोन महिन्यांत त्यांचं काम एकच, अपार्टमेंटच्या पार्किंग लॉटला सकाळी तीन फेऱ्या आणि संध्याकाळी तीन फेऱ्या. घरातला बंद पडलेला मिक्सर त्यांनी पहिल्या आठवड्यात दुरुस्त केला. दिव्याची लूज होल्डरं घट्ट केली. मग काहीच उरलं नाही. रिमोट हातात घेऊन बसायचे, टीव्ही न लावता.

मी म्हणाले, "बाबा, त्यांचा कम्प्युटर सांगतोय."

"कम्प्युटर सांगतो ते वायरीतून येतं ना? वायर बघितली का?"

आणि मी बोलून गेले, "बाबा, ही एसटी नाहीये."

बाबा काही बोलले नाहीत. चप्पल घालून खाली फेऱ्या मारायला गेले. पाऊस होता. आईने माझ्याकडे नुसतं बघितलं. ते बघणं सांगता येत नाही, ज्यांना आई आहे त्यांना कळेल.

रात्री झोप येईना. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर टेस्टर. लोक मला पगार देतात तो 'एरर आली म्हणजे बिघाड तिथेच असतो असं नाही' हे माहीत असण्याबद्दल. आमच्याकडे याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात. धूर नाही, आग नाही, पण भोंगा वाजतोय. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडवर संशय घ्यायचा आणि स्वतःच्या गाडीचा कागद मात्र डोळे मिटून खरा मानायचा? सकाळी मी गाडीच्या निदानाच्या सॉकेटमध्ये लावायचा काडेपेटीएवढा ब्लूटूथ रीडर मागवला. वीसेक डॉलरचा. फोनवर अॅप टाकलं. आणि बाबांना म्हणाले, "चला, आकडे बघायचेत."

बाबा लगेच उठले नाहीत. आधी चहा संपवला. मानी माणूस!

आता जरा बॅटरीच्या पोटात शिरू, कारण खरी गंमत तिथेच आहे. मागच्या सीटच्या मागे एक लांबट पेटी. तिच्यात निकेल-मेटल हायड्राइडचे १६८ सेल. एकेक सेल जेमतेम १.२ व्होल्टचा. सहा सेलचं एक मॉड्यूल, अशी २८ मॉड्यूल्स एकापुढे एक, डब्यांच्या आगगाडीसारखी जोडलेली. सगळी मिळून दोनशे व्होल्टच्या वर. गाडीचा कम्प्युटर दोन-दोन मॉड्यूल्सचा एक ब्लॉक धरतो, म्हणजे १४ ब्लॉक, आणि प्रत्येकाचं व्होल्टेज सतत मोजत असतो. त्यासाठी पेटीतून बारीक वायरी निघतात. शिवाय बॅटरीला चिकटवलेले तीन तापमानाचे सेन्सर, आत येणाऱ्या हवेसाठी आणखी एक, आणि किती करंट आत गेला, किती बाहेर आला ते मोजणारा सेन्सर वेगळा. म्हणजे बॅटरीच्या तब्येतीबद्दल कम्प्युटरला जे काही कळतं, ते या निरोप्यांकडून. निरोप्या खोटं बोलला की झालं कल्याण! तापमानाच्या सेन्सरची वायर तुटली तर कम्प्युटरला वाटतं बॅटरी सैबेरियात आहे. करंटचा सेन्सर चुकला तर चार्ज किती उरलाय याचा हिशोबच गडबडतो.

बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो छोट्या बॅटरीचा. हायब्रिडमध्ये साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते, सगळे कम्प्युटर तिच्यावर जागे होतात. ती मेलेली असेल तर गाडी वाट्टेल ते दिवे लावते. मोजली, ठीक निघाली. मग त्यांनी मागच्या सीटच्या बाजूची जाळी काढायला लावली. मोठी बॅटरी गार ठेवणारा पंखा तिथून केबिनमधली हवा ओढतो. जाळीत आधीच्या मालकाच्या कुत्र्याची जवळपास एक शेपटी निघाली. ती साफ केली. त्रिकोण तसाच.

मग आकडे. मी वाचत होते, बाबा किराण्याच्या बिलामागे लिहीत होते. पहिला ब्लॉक १५.६. दुसरा १५.६. तिसरा १५.५. चौथा, पाचवा १५.६. सहावा १४.५.

"बघा," मी म्हणाले, "सहावा गेलाय. कागदावर तेच होतं."

"थांब. पुढे वाच."

सातवा १६.७. आठवा १५.६. पुढचे सगळे तसेच.

बाबांचं पेन थांबलं. चष्मा कपाळावर गेला. मला वाटतं दोन महिन्यांत पहिल्यांदाच मी त्यांचा तो चेहरा बघत होते. लहानपणी त्यांचा डबा द्यायला वर्कशॉपच्या गेटवर जायचे तेव्हा हाच चेहरा असायचा.

"सहाव्याचं किती कमी?"

"एक पॉइंट एक."

"आणि शेजाऱ्याचं किती जास्त?"

"...एक पॉइंट एक."

"बेरीज?"

साडेचौदा अधिक सोळा पॉइंट सात. एकतीस पॉइंट दोन. बरोब्बर १५.६ ची दुप्पट.

"मग काय," बाबा म्हणाले, "जमीन तेवढीच आहे. बांध सरकलाय."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला दोन मिनिटं लागली, तुम्हालाही लागतील, म्हणून सांगते. दोन शेतांच्या मध्ये बांध एकच असतो. तो मोजताना चूक झाली तर एकाचं शेत लहान दिसतं आणि दुसऱ्याचं तेवढंच मोठं. जमीन कुठेही गेलेली नसते. या बॅटरीत १४ ब्लॉकना २८ वायरी नसतात. १५ असतात, कारण दोन शेजाऱ्यांच्या मधली वायर सामाईक असते. तीच वायर किंवा तिचं टोक खराब झालं तर एक ब्लॉक आजारी दिसतो आणि शेजारचा अचानक पैलवान. बॅटरीतला एखादा सेल खरंच मेला असता, तर त्या ब्लॉकचा साधारण एका सेलएवढा व्होल्ट गेला असता, पण शेजाऱ्याला तो मिळाला नसता. बेरीज घटली असती.

"एसी फुल्ल कर," बाबा म्हणाले. या गाडीचा एसीही मोठ्या बॅटरीवर चालतो. लोड आला की मेलेल्या सेलचा ब्लॉक धपकन खाली बसतो, बाकीच्यांशी अंतर वाढतं. इथे सगळेच आकडे थोडे थोडे उतरले, पण सहावा आणि सातवा आपलं अंतर राखून. बाबांनी बिलाची घडी करून खिशात ठेवली. "वायर," एवढंच म्हणाले आणि वर जाऊन टीव्ही लावला.

आता तुम्ही म्हणाल, मग उघडली का पेटी पार्किंग लॉटमध्येच? नाही हो. बाबांचा पहिला नियम, दोनशे व्होल्ट डीसीशी मस्करी नाही. एसटीची बस २४ व्होल्टची, तिथे चटकाही बसत नाही. इथे मात्र माणूस जागेवर जाऊ शकतो. तुमच्या कॉलनीतला 'सगळं करून देतो' म्हणणारा कितीही जिगरी असला तरी नारिंगी वायरीला त्याला हात लावू देऊ नका. नारिंगी रंग म्हणजे हाय व्होल्टेज.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या ओळखीने एक मेकॅनिक मिळाला. इक्वेडोरचा, पन्नाशीचा, फक्त हायब्रिडचीच कामं करणारा. त्याचं इंग्रजी बेताचं, बाबांचं त्याहून बेताचं, माझं स्पॅनिश शून्य. बाबांनी त्याच्यासमोर ते किराण्याचं बिल उलगडलं. त्याने सहाव्या आणि सातव्या आकड्यावर बोट ठेवलं, बाबांकडे बघितलं, आणि दोघं हसले. मला वगळून! मी तिथे ड्रायव्हर म्हणून आले होते बहुतेक.

त्याने कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे घातले, वरून चामड्याचे. आधी १२ व्होल्टची बॅटरी सोडवली. मग मोठ्या बॅटरीचा नारिंगी सर्व्हिस प्लग ओढून काढला आणि सरळ स्वतःच्या खिशात टाकला, म्हणजे दुसऱ्या कोणी चुकून परत लावायला नको. बाबा खूश. "आपल्याकडे वायरमन किटकॅट फ्यूज काढून खिशात ठेवतो ना, तसं." मग मेकॅनिक घड्याळ बघत बसला. प्लग काढला तरी इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये वीज उरते, ती उतरायला वेळ द्यावा लागतो. आणि प्लग काढला तरी पेटीतली मॉड्यूल्स जिवंतच असतात, प्लग फक्त साखळी मधून तोडतो. तो वेळ दोघांनी एकमेकांना आपापल्या मुलांचे फोटो दाखवण्यात घालवला. बाबांच्या फोनमध्ये माझा तिसरीतला, स्नेहसंमेलनातल्या कोळीणीच्या वेशातला फोटो आहे हे मला तिथे कळलं.

झाकण उघडलं. मल्टिमीटरची टोकं थेट सहाव्या ब्लॉकवर. १५.६. सातव्यावर. १५.६.

दोन्ही ब्लॉक ठणठणीत! मॉड्यूल्सना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या मात्र काळ्या पडलेल्या, आणि सहा-सातच्या मधल्या टोकावर, जिथे ती बारीक वायर बसते, तिथे हिरवी बुरशी धरल्यासारखं काहीतरी.

आई इतका वेळ गॅरेजच्या खुर्चीत बसून पालक निवडत होती (हो, पालक. ती कुठेही रिकामी बसत नाही). तिने उठून वाकून बघितलं आणि म्हणाली, "अय्या, हे तर कळकलंय! पितळेच्या भांड्यात ताक राहिल्यासारखं."

यापेक्षा अचूक निदान मी आजवर ऐकलेलं नाही. बॅटरीतून वर्षानुवर्षं अगदी किंचित झिरपणारी क्षाराची वाफ, वरून दमट हवा, आणि तांबं. कळकणारच. त्या हिरव्या थरातून वायरीपर्यंत खरं व्होल्टेज पोचत नव्हतं आणि कम्प्युटर बिचारा जे पोचलं त्यावर ३,४०० डॉलरचा निकाल देत होता. पावसाच्या आठवड्यातच का, याचंही उत्तर मिळालं.

आईने चिंच सुचवली. मेकॅनिकने पट्ट्या सोडवून व्हिनेगर आणि मिठात बुडवल्या, म्हणजे तत्त्व तेच. मग पाण्याने धुऊन कडक वाळवल्या. वायरींची पट्टी मात्र नवीन मागवली, कारण कळकलेलं टोक घासलं तरी पुन्हा धरतं. तीन दिवस लागले. एकूण बिल २६० डॉलर. पट्ट्या बसवताना नट किती ताकदीने आवळायचे याचं ठरलेलं माप असतं, त्यासाठी तो खास पाना वापरत होता. बाबा तो पाना हातात घेऊन बराच वेळ बघत होते. कोड पुसला, गाडी चालू केली. सहावा १५.७. सातवा १५.७. त्रिकोण गेला.

परत येताना मी म्हणाले, "बाबा, त्या दिवशी मी..."

"उजवीकडे वळायचंय तुला," बाबा म्हणाले.

नायगारा झाला. त्याच गाडीने. डिसेंबरात प्रोजेक्टही वाढून मिळालं. फेब्रुवारीत ते दोघं परत गेले, आणि जाताना बाबांच्या बॅगेत आईच्या नकळत ती जुनी, हिरवी झालेली वायरींची पट्टी होती.

पुढची गोष्ट फारशी गोड नाही. जुलै २०१९ मध्ये त्रिकोण पुन्हा लागला. मी आता एक्सपर्ट! मनात म्हटलं, पुन्हा कळकलं असणार. दोन आठवडे मी कोड पुसत राहिले आणि तशीच गाडी चालवत राहिले. मग एका रविवारी चिंचवडला फोन लावला आणि बाबांना आकडे वाचून दाखवले. अकरावा ब्लॉक १४.३.

"शेजाऱ्याचं बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. म्हणजे आकडा समोर होता, पण मला जो बघायचा होता तोच मी बघत होते. दहावा १५.५. बारावा १५.५. कोणाकडेही जास्त नाही. एसी लावला तर अकरावा थेट साडेतेरापर्यंत उतरला.

फोनवर जरा वेळ काहीच आवाज नाही. मग बाबा म्हणाले, "या वेळी जमीन गेली गं. खरंच गेली." एखाद्या ओळखीच्या माणसाची बातमी सांगावी तसं.

एकच मॉड्यूल बदलता येतं, पण बारा वर्षांच्या बॅटरीत एक दात काढला की पुढच्या महिन्यात दुसरा हलतो. त्याच इक्वेडोरच्या मेकॅनिककडे गेले. त्याने आकडे बघून आधी विचारलं, पापा कुठे आहेत? मग मला पूर्ण पॅक बदलायचाच सल्ला दिला. दिले पैसे. या वेळी निदान कशाचे देतेय ते माहीत होतं. २०२१ मध्ये मी परत आले तेव्हा गाडी विकली, ती चांगली चालत होती.

आता मी बाणेरला राहते. २०२२ पासून आपल्याकडेही हायक्रॉस, हायरायडर, ग्रँड व्हिटारा, सिटी असे हायब्रिडचे पर्याय धडाधड आले आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच चार-पाच उभ्या असतात. त्यांची वॉरंटी अजून शिल्लक आहे, तेव्हा मंडळी, उगीच उघडू नका, सरळ सर्व्हिस सेंटरला न्या. फक्त कोडचा कागद हातात आला की एक प्रश्न विचारा, प्रत्येक ब्लॉकचं व्होल्टेज किती आलं ते द्याल का? द्यायला काय हरकत आहे?

गेल्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या जोडप्याच्या हायब्रिडला दिवा लागला. तो मुलगा घाबरून आमच्याकडे आला. बाबा योगायोगाने आमच्याकडेच मुक्कामाला होते. वय ६९, गुडघे दुखतात, लिफ्ट बंद. मी म्हणाले, "बाबा, फोनवरून सांगा ना त्याला, खाली कशाला उतरताय?" तोवर त्यांनी चष्मा घेतला होता आणि फ्रिजवरचं वाण्याचं बिल काढून उलटं केलं होतं.

"पेन दे," म्हणाले.